जाळीखालचे दोन इंच पाणी

२०२० च्या एप्रिलमध्ये आम्ही चौघी एका सात मजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर भाड्याच्या घरात एकत्र राहत होतो. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि चौघींत मिळून एकच न्हाणीघर. चौघींची कामे वेगळी होती आणि घरी येण्याजाण्याच्या वेळाही वेगळ्या होत्या, त्यामुळे एरवी त्या घरात दाटी अशी कधी जाणवली नव्हती. टाळेबंदी लागली आणि पहिल्यांदाच चौघी चोवीस तास एका छताखाली आलो. ‘घरात राहा, सुरक्षित राहा’ हे वाक्य त्या दिवसांत दिवसातून दहा वेळा कानावर पडत असे. ते सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता; पण त्या वाक्यातले घर आमचे नव्हते. त्या घराचे दार लावले की बाहेरचे जग बाहेर राहत असे. आमच्या दाराच्या आत चार वेगवेगळी आयुष्ये होती, आणि त्या दाराबाहेर एक जिना, एक लिफ्ट, पाण्याची एक टाकी, सांडपाण्याचे उभे नळ आणि इमारतीच्या पोटातून वरपर्यंत गेलेला एक अंधारा डक्ट होता. यातले काहीही एकट्याचे नव्हते.

आमच्यातली एक जण औषधांच्या दुकानात काम करत होती आणि तिला रोज बाहेर जाणे भाग होते. ताप पहिल्यांदा तिलाच आला. आम्ही तिला आतली खोली दिली, तिची भांडी वेगळी केली आणि न्हाणीघराच्या दारावर एक कागद चिकटवला. त्यावर प्रत्येकीची वेळ लिहिली होती आणि तिची वेळ सगळ्यांच्या शेवटी होती. ती बाहेर आली की आमच्यापैकी एक जण हातमोजे घालून आत जाई आणि नळाची तोटी, दाराची कडी, फ्लशचे बटण, बादलीची मूठ असे सगळे एकेक करून जंतुनाशकाने पुसून काढी. मला आजही तो वास आठवतो आणि पुसताना मनात असलेली ती एकाग्रता आठवते. आम्ही काहीही वगळले नव्हते, असे तेव्हा वाटत होते. नवव्या दिवशी दुसरीला ताप आला आणि दोन दिवसांनी मलाही.

आम्ही हवा वगळली होती. आतल्या खोलीचे दार दिवसभर बंद असे, परंतु त्या दाराखालची बोटभर फट उघडीच होती. न्हाणीघराची छोटी खिडकी डक्टमध्ये उघडत होती आणि तिच्यात बसवलेला पंखा आम्ही आजारी मैत्रिणीची वेळ संपली की बंद करत होतो, कारण तो आवाज करत असे. जी वस्तू हाताला लागत होती तिची आम्हाला भीती वाटत होती. जे नाकातून आत जात होते त्याचा विचार मनात आला नाही. यात आमचा दोष फार थोडा होता, असे मी आज म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेनेच २८ मार्च २०२० रोजी समाजमाध्यमावर ठळक अक्षरांत लिहिले होते की कोव्हिड हवेतून पसरत नाही. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये लिडिया मोराव्स्का आणि डोनाल्ड मिल्टन या शास्त्रज्ञांनी लिहिलेल्या व २३९ वैज्ञानिकांनी पाठिंबा दिलेल्या निवेदनाने हवेतल्या संसर्गाकडे लक्ष वेधले, आणि तरीही हवेची गोष्ट संघटनेच्या अधिकृत माहितीत नीट यायला २०२१ चा एप्रिल संपावा लागला. तोवर जगभरातल्या असंख्य घरांत माणसे दाराच्या कड्या पुसत राहिली आणि खिडक्या बंद ठेवत राहिली.

बरी झाल्यावर मी वाचू लागले. आधी ते रागातून होते. आमच्या घरात नेमके काय घडले हे मला समजून घ्यायचे होते. वाचता वाचता मी हाँगकाँगच्या एका वसाहतीपाशी पोहोचले आणि तिथेच बराच काळ अडकून राहिले.

तिचे नाव अमॉय गार्डन्स. एकोणीस उंच इमारती, प्रत्येकीला तेहतीस मजले आणि प्रत्येक मजल्यावर आठ घरे. २००३ च्या मार्चमध्ये सार्स या श्वसनाच्या विषाणूजन्य आजाराची साथ सुरू असताना एक आजारी माणूस ‘ई’ इमारतीत राहणाऱ्या आपल्या भावाकडे दोनदा आला. त्याला जुलाब होत होते आणि त्याने तिथले शौचालय वापरले. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्या वसाहतीतल्या ३२१ जणांना सार्स झाला होता आणि त्यांतले सुमारे ४१ टक्के एकट्या ‘ई’ इमारतीतले होते. पुढे वसाहतीतली ४२ माणसे दगावली. तपास करणाऱ्यांना कोडे पडले ते रुग्णांच्या मांडणीचे. संसर्ग शेजारच्या दारांतून पसरला असता तर एकेका मजल्यावर आडवा पसरलेला दिसायला हवा होता. पण तो उभा पसरला होता. एकाखाली एक असलेल्या, एकाच क्रमांकाच्या घरांमध्ये रुग्ण सापडत होते. त्या घरांतली माणसे एकमेकांना भेटलेली असतीलच असे नाही, कित्येकांना एकमेकांचे चेहरेही ठाऊक नसतील. त्यांच्यामध्ये सामाईक होता तो सांडपाण्याचा उभा नळ.

आता एक साधी गोष्ट समजून घ्यावी लागते. न्हाणीघराच्या फरशीवर जी गोल जाळी असते, तिच्या खाली पाणी नुसते निघून जात नाही. तिथे एक बाक किंवा वाटी असते आणि तिच्यात साधारण दोन इंच पाणी कायम थांबून राहते. आपल्याकडचे प्लंबर तिला नहाणी ट्रॅप म्हणतात. ते थांबलेले पाणी म्हणजे एक दार आहे. घरातले पाणी त्यातून खाली जाते, परंतु नळातली हवा, तिच्यातला दर्प आणि त्या हवेत तरंगणारे थेंब वर येऊ शकत नाहीत. या दाराला बिजागरी नाही, कडी नाही, ते गंजत नाही. फक्त ते वाळू शकते. त्या जागी बराच काळ पाणी पडले नाही तर वाटीतले पाणी उडून जाते आणि दार उघडे पडते, आणि उघडे पडल्याचे कोणालाही दिसत नाही.

अमॉय गार्डन्समध्ये बऱ्याच घरांत हेच झाले होते. माणसे फरशी पाण्याने धुण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसत होती, म्हणजे स्वच्छताच करत होती, आणि जाळीखालचे पाणी सुकत होते. त्यातच न्हाणीघरांत हवा बाहेर फेकणारे दमदार पंखे होते. दार बंद करून पंखा चालू केला की खोलीतली हवा बाहेर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी जिथून मिळेल तिथून हवा आत ओढली जाते. सुकलेल्या जाळीतून ती नळातली हवा ओढली जात होती. आजाऱ्याने फ्लश केल्यावर नळात उडालेले सूक्ष्म तुषार असे एकेका घरात खेचले गेले. काही घरांतून ती हवा पंख्याने दोन घरांच्या मधल्या अरुंद उभ्या पोकळीत फेकली गेली, उबदार असल्यामुळे वर चढली आणि वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून आत शिरली. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हवेच्या प्रवाहाची गणिते मांडून दाखवले की वाऱ्याच्या दिशेला असलेल्या शेजारच्या इमारतींमधले रुग्णही त्या प्रवाहाशी जुळत होते.

हे वाचल्यावर मी उठून आमच्या घराच्या मागच्या बाजूला गेले. कपडे धुण्यासाठी म्हणून तिथे एक छोटी जागा होती आणि तिच्या कोपऱ्यात एक जाळी होती. आम्ही त्या जागेत खोकी रचून ठेवली होती. आम्ही राहायला आल्यापासून तिथे कुणी तांब्याभर पाणी ओतले नसावे. मी खोकी हलवली, गुडघ्यांवर बसले आणि जाळी उचलली. वाटीच्या तळाशी करड्या रंगाची कोरडी पापडी धरली होती, तिला भेगा पडल्या होत्या आणि त्यांत एक मेलेले झुरळ चिकटले होते. खालून अगदी मंद, कोमट हवा वर येत होती. मी हाताचा पालथा भाग जाळीवर धरला तेव्हा ती मला जाणवली. आमच्या घरातला ताप तिथून आला नव्हता. तो आतल्या खोलीतून, दाराखालच्या फटीतून आणि चौघींनी मिळून घेतलेल्या श्वासांतून आला होता. तरीही हातावर लागलेली ती हवा मी विसरू शकत नाही. ती खालच्या तीन मजल्यांची आणि वरच्या तीन मजल्यांची हवा होती. आम्ही त्या सगळ्यांबरोबर राहत होतो आणि आम्हाला ते माहीत नव्हते.

हाँगकाँगची घटना अपवाद होती असे कुणाला वाटू शकेल, म्हणून चीनमधल्या ग्वांगझौ शहराचे उदाहरण सांगते. २०२० च्या सुरुवातीला तिथल्या एका उंच इमारतीत पंधराव्या मजल्यावरचे एक कुटुंब वुहानहून परतल्यानंतर आजारी पडले. त्यानंतर पंचविसाव्या आणि सत्ताविसाव्या मजल्यावरची दोन कुटुंबे आजारी पडली. तीन घरांत मिळून नऊ रुग्ण. लिफ्टमध्ये किंवा इतरत्र त्यांची गाठ पडल्याचा पुरावा मिळाला नाही. तिन्ही घरे एकाच उभ्या रेषेत होती आणि त्यांची न्हाणीघरे एकाच नळाला जोडलेली होती. संशोधकांनी त्या नळात एक खुणेचा वायू सोडला, तेव्हा तो वरच्या मजल्यांवरच्या न्हाणीघरांत निघाला. सतरा वर्षांनी तीच गोष्ट, दुसऱ्या शहरात आणि दुसऱ्या विषाणूबरोबर.

हवेसाठी ठेवलेली वाट आजाराची वाट बनते, ही गोष्ट मात्र त्याहून फार जुनी आहे. न्यूयॉर्कमधल्या भाडेकरूंच्या दाटीच्या इमारतींसाठी १८७९ मध्ये कायदा झाला, की प्रत्येक खोलीला बाहेरच्या हवेत उघडणारी खिडकी हवी. हेतू उत्तम होता. क्षयाने आणि इतर आजारांनी माणसे त्या अंधाऱ्या खोल्यांतच संपत होती. परंतु घरमालकांनी जागा वाचवण्यासाठी दोन इमारतींच्या मध्ये एक अरुंद पोकळी ठेवली आणि आतल्या खोल्यांच्या खिडक्या तिच्यात उघडल्या. पोकळीत ऊन पोहोचत नव्हते, हवा खेळत नव्हती. लोक तिच्यात कचरा टाकत, आणि एकाच्या घरातला धूर, दर्प व आवाज दुसऱ्याच्या घरात जाई. १९०१ मध्ये नवा कायदा करून तशी पोकळी बंद करावी लागली. त्याऐवजी मोठे अंगण आणि प्रत्येक घराला स्वतःचे शौचालय बंधनकारक झाले. मला या बावीस वर्षांचे फार वाटते. कागदावर खिडकी होती, कायदा पाळला गेला होता आणि माणसे तरीही मरत होती, कारण खिडकी कशात उघडते हे कुणी विचारले नव्हते. आमच्या न्हाणीघरालाही खिडकी होतीच.

हवा एका खोलीतून दुसरीकडे आजार नेऊ शकते, हे विज्ञानाला २०२० मध्ये नव्याने कळले असेही नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक विलक्षण प्रयोग केला होता. क्षयरुग्णांच्या खोल्यांमधून बाहेर जाणारी हवा नळीवाटे वरच्या बाजूला नेऊन पिंजऱ्यात ठेवलेल्या गिनिपिगांना तीच हवा घ्यायला लावली. रुग्ण आणि प्राणी यांच्यात हवेखेरीज काहीही सामाईक नव्हते, आणि प्राण्यांना क्षय झाला. ज्या गटाच्या हवेवर अतिनील किरण सोडले होते तो गट वाचला. म्हणजे उत्तर हाताशी होते. ते विसरले गेले याचे कारण, मला वाटते, हवेची जबाबदारी घेणे कुणालाच परवडणारे नव्हते हे असावे. हात धुवा असे सांगितले की काम माणसावर येते. हवा बदला असे सांगितले की ते इमारतीवर येते, इमारत ज्याची आहे त्याच्यावर येते, आणि तिथे खर्च सुरू होतो.

दाटी या शब्दाबद्दलही मला इथे थोडे बोलायचे आहे, कारण साथीच्या काळात तो फार सैलपणे वापरला गेला. शहरात माणसे दाटीने राहतात म्हणून शहरात आजार पसरतो, असे सरसकट म्हटले जात होते. परंतु एका चौरस किलोमीटरमध्ये किती माणसे राहतात यापेक्षा एका खोलीत किती माणसे झोपतात आणि एक शौचालय किती जण वापरतात, हा प्रश्न जास्त खरा आहे. हाँगकाँग हे जगातल्या अतिदाट शहरांपैकी एक, आणि २००३ चा धडा घेतलेल्या त्या शहरात २०२० मध्ये मृत्यूंची संख्या कमी राहिली. सिंगापूरमध्ये उलटे चित्र दिसले. पहिल्या महिन्यांत त्या देशाने साथ इतकी काटेकोरपणे रोखली होती की जगाने त्याचे कौतुक केले; परंतु परदेशातून आलेले सुमारे तीन लाख कामगार ज्या वसतिगृहांत राहत होते, तिथे एकेका खोलीत बाराबारा, कधी त्याहून अधिक माणसे दुमजली खाटांवर झोपत आणि न्हाणीघरे सामाईक असत. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये सरकारने सांगितले की वसतिगृहांतल्या ४७ टक्के रहिवाशांना संसर्ग होऊन गेला होता. मुंबईत जुलै २०२० मध्ये तीन प्रभागांत रक्ततपासणी झाली तेव्हा झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, सापडली, तर त्याच प्रभागांतल्या इतर वस्तीत सुमारे १६ टक्के लोकांच्या. त्याच प्रभागांतले हे दोन आकडे आहेत; फरक होता तो खोल्यांचा आणि शौचालयांचा.

आणि जिथे इमारतीने चूक केली, तिथे शिक्षा माणसांना झाली. ४ जुलै २०२० रोजी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमधल्या नऊ सरकारी गृहनिर्माण इमारती एका दुपारी, पूर्वसूचना न देता बंद करण्यात आल्या. सुमारे तीन हजार माणसे घरात कोंडली गेली आणि दारांत पोलीस उभे राहिले. त्यांतले कित्येक निर्वासित म्हणून त्या देशात आलेले होते. दारातल्या गणवेशाचा अर्थ त्यांच्यासाठी काय असेल याचा विचार केला की माझे मन आजही अस्वस्थ होते. आठ इमारती पाच दिवसांनी मोकळ्या झाल्या, नववी आणखी बरेच दिवस बंद राहिली. डिसेंबरमध्ये तिथल्या लोकपालांच्या अहवालात म्हटले गेले की तत्काळ कोंडून ठेवण्याची ती कृती मानवी हक्कांच्या कायद्याशी विसंगत होती. इमारत बंद करण्याची गरज कधी पडूच नये असे मी म्हणत नाही; अमॉय गार्डन्सची ‘ई’ इमारतही आधी बंद केली गेली होती. परंतु तिथे एका दिवसातच रहिवाशांना बाहेर काढून दुसरीकडे हलवले गेले, कारण अधिकाऱ्यांना कळून चुकले होते की धोका माणसांपेक्षा त्या भिंतींमध्ये आहे आणि त्यांना आत ठेवणे म्हणजे धोक्यातच ठेवणे.

आमच्या इमारतीत पोलीस आले नाहीत. पण आमच्या मैत्रिणीच्या तापाची बातमी मात्र जिन्यावरून आमच्याआधी खाली पोहोचली. बटणाला हात न लावता लिफ्ट कशी वापरायची याची सूचना आमच्याच दारावर लागली, इतर कुणाच्या नाही. बरे झाल्यावरही समोरच्या घरातल्या काकू आम्ही बाहेर आलो की दार ओढून घेत. मला त्याचे फार वाईट वाटत असे. पण खरे सांगायचे तर मीही रात्री वरच्या मजल्यावरून खोकल्याचा आवाज आला की कान देऊन ऐकत होते आणि तो कोणाचा आहे हे मनाशी ठरवत होते. एकमेकांकडे बोट दाखवायला सगळे तयार होते. डक्टकडे कुणाचे बोट गेले नाही.

ते गेले पुढच्या पावसाळ्याच्या आधी, आणि तेही दुर्गंधीमुळे. इमारतीची देखभाल पाहणाऱ्या समितीपुढे मी नहाणी ट्रॅपची गोष्ट मांडली होती. तिला कुणी विरोध केला नाही आणि फारसे लक्षही दिले नाही. मग तिसऱ्या मजल्यावर वास येऊ लागला आणि एक वयस्कर प्लंबर बोलावले गेले. मी त्यांच्याबरोबर घरोघर फिरले. त्यांच्या हातात विजेरी आणि पाण्याची बाटली होती. ते प्रत्येक न्हाणीघरात वाकत, जाळीवर नाक नेत आणि बाटलीतले पाणी ओतून आवाज ऐकत. भरलेल्या वाटीत पाणी पडले की टपटप असा बोथट आवाज येतो. सुकलेल्या वाटीत ते आधी थबकते आणि मग गुडगुडत खाली उतरते. ‘ताई, ही बघा, ही पण सुकलीय,’ असे ते प्रत्येक वेळी तितक्याच गांभीर्याने सांगत. अठ्ठावीस घरांतल्या अकरा जाळ्या कोरड्या निघाल्या. त्यांतल्या बहुतेक वापरात नसलेल्या कोपऱ्यांत, कपाटाखाली किंवा बंद खोल्यांत होत्या.

शेवटी आम्ही गच्चीवर गेलो. डक्टचे तोंड जिथे उघडायला हवे होते तिथे कुणीतरी कधीतरी पाऊस आत येऊ नये म्हणून पत्रा टाकला होता, त्यावर प्लास्टिक अंथरले होते आणि ते उडू नये म्हणून विटा ठेवल्या होत्या. शेजारीच सांडपाण्याच्या उभ्या नळाचे हवा जाण्याचे टोक होते आणि त्याच्या तोंडात पक्ष्यांनी घरटे बांधून सोडून दिलेल्या काड्या कोंबल्या गेल्या होत्या. सात मजल्यांची हवा वर येऊन इथे थांबत होती आणि परत खाली उतरत होती. प्लंबरांनी काड्या उपसल्या आणि टोकावर तारेची टोपी बसवली. पत्रा त्यांना एकट्याने उचलला जाईना, म्हणून समोरच्या घरातले काकाही वर आले आणि आम्ही तिघांनी मिळून तो बाजूला केला. आतून एक जड, दमट वाफ वर आली आणि वाऱ्यावर विरून गेली. काका थोडे मागे सरकले, मग पुढे होऊन त्यांनी त्या चौकोनी अंधारात वाकून पाहिले आणि विचारले, की हे आपल्या सगळ्यांच्या खिडक्यांपर्यंत जाते का. मी हो म्हटले.

आता दर रविवारी मी घरातल्या सगळ्या जाळ्यांमध्ये तांब्याभर पाणी ओतते. मागच्या कोपऱ्यातली खोकी हलवून ठेवली आहेत. समोरच्या काकू गावाला गेल्या की त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे असते. झाडांना पाणी घालायचे असते, आणि न्हाणीघरातही.